उंच पोरीचा फोटो

"बाई, तुमाले ह्या कामासाठी कोनं निवडलं? फोटो पाहून, का चालून दाखवाव लागलं?"

हा प्रश्न खरं तर माझ्या मैत्रिणीचा, रुखमाचा होता. पण विचारायची छाती तिला होईना, म्हणून तिने तो माझ्या गळ्यात घातला. म्हणाली, "सुलो, तू जाऊन विचारलं तर जीवशास्त्राच्या साऱ्या आकृत्या मी काढून देतो." वर्गातली बेबी म्हणाली, "ते विचारत नाही, पाहजो. मास्तरनं नाव विचारलं तरी ते बाकाखाली पाह्यते." बेबीचं बोलणं मला लागलं आणि मी गेले.

ही गोष्ट त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतरची, मी अकरावीत होते. आमच्या आंधळगावात कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या साड्या विणल्या जातात, माझे बाबासुद्धा विणतात. पण त्या नेसून कोणी फोटो काढायला आमच्या गल्लीत येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. नागपूरच्या एका साडीच्या दुकानाला कॅलेंडर काढायचं होतं आणि त्यांना साडीच्या मागे खरा माग पाहिजे होता. आमच्या खिडकीतून ऊन चांगलं येतं म्हणून आमचाच माग त्यांनी पसंत केला. बाबांच्या जागेवर एक गोरी मुलगी हातात विणायचा धोटा धरून बसली होती आणि बाबा बाहेर ओसरीवर, स्वतःच्याच घरी पाहुणे आल्यासारखे उभे होते. सारखे म्हणत होते, "बाई, धोटा उलटा धरला जी तुमी." कोणी ऐकत नव्हतं.

मी प्रश्न विचारला तो त्या मुलीला, पण उत्तर दिलं तिच्याजवळच्या एका चष्मेवाल्या बाईंनी. त्या तोंडात टाचण्या धरून तिच्या पदराच्या चुण्या बसवत होत्या. टाचण्या काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "इकडे ये. हिच्या बाजूला उभी राहा."

मी सवयीने वाकून उभी राहिले.

"वाकू नकोस," त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर तळहात ठेवून थोडा दाब दिला.

त्या वाकण्याचं थोडं सांगायला पाहिजे. आठवीपासून मी वाकूनच चालत होते. वर्गात शेवटचा बाक, प्रार्थनेच्या रांगेत शेवटचा नंबर, पोट्ट्यांनी ठेवलेलं नाव 'बल्ली', म्हणजे लांब वासा. आणि घरी माय म्हणायची, "आता वाढू नको वो, तुह्यापेक्षा उंच पोरगा मी कुठून आनू?" जसं काही मी ठरवूनच वाढत होते. त्या दिवशी पाठीवर हात पडला, मी सरळ झाले आणि त्या मॉडेल मुलीच्या कपाळावरची टिकली मला वरून दिसली. रुखमा दारातून पाहत होती. तिचा जबडा खाली आला तो ती घरी गेल्यावरसुद्धा तसाच असेल.

मग चष्मेवाल्या बाईंनी काम करता करता सगळं सांगितलं. मुंबईला मोठ्या एजन्सी असतात. त्या मुलींचे फोटो जवळ ठेवतात. साबणवाल्याला लांब केसांची मुलगी पाहिजे असली, की तो त्यांच्याकडे येतो. काम मिळालं तर त्यातला हिस्सा त्या घेतात, नाही मिळालं तर काही नाही. पण त्यांच्याकडे फोटोंचे गठ्ठे येतात, त्यात आपला कधी वर येईल सांगता येत नाही. "दुसरे असतात शिकवणारे. चालणं शिकवतात, फोटो काढून देतात, आणि सगळी फी आधी. त्यांचं पोट फीवर भरतं, म्हणून ते कोणाला नाही म्हणत नाहीत. त्यातले काही चांगलं शिकवतातही, पण आधी चौकशी करायची."

"आन् तुमी?"

"मी दुकानाची. दुकानाला साडी दाखवायची असते, मी मुलगी शोधते. काम संपलं की मी माझ्या घरी, ती तिच्या घरी. नाही म्हणायचं असेल तर मी तोंडावर नाही म्हणते." त्यांनी शेवटची टाचणी खोचली. "लग्नसराईच्या साड्यांचे फोटो पुढे काढायचे आहेत. रुंद काठाच्या साड्या आहेत, त्याला उंच मुली लागतात. तीन फोटो पाठव. समोरून, बाजूने आणि उभा. पसंत पडली तर निवडीला बोलावीन. पण अठरा पूर्ण नाहीत ना? मग आईला किंवा वडिलांना घेऊन यायचं, त्यांची सही लागते. एकटी आलीस तर दारातून परत."

त्यांनी आपला पत्ता सांगितला, मुंबईच्या एका एजन्सीचाही सांगितला. मी दोन्ही पाठ केले. त्या दिवसापासून मी सरळ चालायला लागले. बल्ली म्हणणाऱ्या पोट्ट्याला मी विचारलं, "तुले तिथून माहं तोंड दिसते का?" आणि सगळा वर्ग हसला, तो सोडून.

घरी मात्र काहीच सांगितलं नाही. काय सांगणार? माय म्हणाली असती, नाचायले पाठवाव का आता?

फोटोसाठी तुमसरला जावं लागलं. प्रॅक्टिकलची वही आणायची आहे असं सांगून मी आणि रुखमा एसटीने गेलो. पिशवीत एक कोशाची साडी होती. काठात एक तार चुकली म्हणून ती विकली गेली नव्हती. बसस्टँडमागे टेकचंदभाऊंचा स्टुडिओ आहे. आमच्या भागातल्या सगळ्या लग्नांचे फोटो तेच काढतात.

"कोनाची पोरगी?"

"आंधळगावच्या धनीरामची."

"बाबाले माहीत हाय ना?"

"त्याहीनंच पाठवलं," मी म्हटलं. खोटं बोलताना मी इतकी सरळ उभी होते की मलाच नवल वाटलं.

टेकचंदभाऊंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि कान खाजवला. "उंच हाय वो तू."

"हो. तेच तर पाह्यजे," मी ऐटीत म्हणाले.

ते हसले. "बरं बोलते तू. काळजी नको करू, माह्यापाशी इलाज हाय." आणि पडद्यामागे जाऊन त्यांनी फुलदाणी ठेवायचं एक लाकडी स्टँड आणलं, माझ्या छातीपर्यंत येईल असं. पुढे एक तसंच छोटं स्टँड आधीपासून होतं, ते त्यांनी बाजूला सरकवलं. वर प्लास्टिकची फुलं ठेवली. मला म्हणाले, "ह्याच्यावर हात ठेव. गुडघे थोडे ढिले सोड. साडीत दिसत नाही." मला वाटलं, मुंबईकडची काही पद्धत असेल.

बाजूचा फोटो म्हटल्यावर ते थांबले. "बाजूनं कायले? नाक पाह्याले मांगतेत का? लोकं बी लय चिकित्सक झाले." पण काढला.

आठवड्याने फोटो मिळाले. मी आपल्यालाच ओळखलं नाही. नाजूक, हातात मावेल अशी कोणी मुलगी फुलांजवळ उभी होती. आम्ही फोटो तीन ठिकाणी पाठवले. चष्मेवाल्या बाईंना, मुंबईला, आणि तिसरी नागपूरची, मॉडेलिंग शिकवणारी एक अकादमी. तिची जाहिरात रुखमाला शेंगदाण्याच्या पुडीच्या कागदावर सापडली होती. पत्ता सगळीकडे रुखमाचा दिला. तिचे बाबा चिखल्याच्या खाणीत, सुट्टीलाच घरी येतात. तिची माय बायजाबाई दिवसभर धानाच्या चुरणीवर, मळणीला. पोस्टमन शाळा सुटल्यावर यायचा, त्याची गाठ पडणार ती रुखमाशीच.

मग सुरू झालं वाट पाहणं. मला आधी वाटायचं वाट पाहायची म्हणजे बसून राहायचं. तसं नसतं. पोटात कोणीतरी धोटा फेकत असल्यासारखं होतं, इकडून तिकडे. संध्याकाळी येता-जाता रुखमाच्या कुंपणाकडे बघायचं. पत्र आलं तर ती लाल रिबीन अडकवणार होती. एकदा रिबीन दिसली, धावत गेले, तर ती धुऊन वाळत घातली होती. मी तिला मारलं.

आणि भीती दुसरीच. कोणी निवडलंच तर? मग घरी सांगावं लागेल. सही लागेल. नाही निवडलं तर पुन्हा वाकून चालायचं का?

पहिलं उत्तर अकादमीचं आलं, लवकरच आणि छापील. 'आपले व्यक्तिमत्त्व आकर्षक असून आपली उंची व बांधा योग्य आहे. आपली निवड झाली आहे.' खाली प्रशिक्षणाची फी, महिना संपायच्या आत. आम्ही चुलीजवळ नाचलो. माझ्या डोक्यात पायातल्या चांदीच्या तोरड्या विकायचं आलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी शाळेत रुखमा तोंड पाडून आली. दप्तरातून तिने तसंच पत्र काढलं. तिच्या नावाचं.

"तू बी पाठवला होता?"

"गंमत म्हनून वो. शाळेच्या फॉर्मवर लावला होता ना, त्यातला एक उरला होता."

"तो गळ्यापर्यंतचा? शाई सांडलेला?"

"हो. आन् पाय, माही बी उंची योग्य हाय म्हंते." तिने पत्र पुन्हा वाचलं. "गळ्यापर्यंतच्या फोटोत ह्याहीले उंची कुठं दिसली?"

आम्ही हसलो. तोरड्या वाचल्या. एक दार मात्र गेलं. मुंबईचं तर काहीच नाही, फोटो पोचले की नाही तेही कळलं नाही.

मग चष्मेवाल्या बाईंचं कार्ड आलं. त्यांनी स्वतः लिहिलं होतं. 'फोटो मिळाले. मला आठवते ती मुलगी उंच होती. माझा गोंधळ झाला असावा. फोटोतली मुलगी मध्यम उंचीची आहे, या साड्यांना चालणार नाही. निवड जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी आहे, त्यानंतर फोटो परत पाठवते.'

मी ते कार्ड रुखमाच्या दाराशी उभी राहूनच वाचलं. मध्यम उंचीची? मी आत जायला वळले आणि चौकट कपाळाला लागली. रुखमा म्हणाली, "हे पाय, चौकटीले माहीत हाय."

कपाळ चोळत घरी आले तर ओसरीवर रंभाबाई बसलेली. रंभाबाई गावोगाव बांगड्या भरते आणि बांगड्या भरता भरता लग्नं जुळवते. मायच्या हातात माझा फोटो होता. तोच, फुलांजवळचा.

माझे पाय तिथेच थांबले. आता सगळं संपलं असं वाटलं. पण माय उठली आणि तिने मला जवळ घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पोरी, मले सांगायची लाज वाटली का? लग्नाचं मनात होतं तर रुखमाले संग घेऊन कायले गेली, मी आली असती."

मी रंभाबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "टेकचंदभाऊ लग्नाच्या पोरींच्या फोटोची एक प्रत माह्यापाशी देतेच. हमेशाचंच हाय. बाजूनं सुद्धा फोटो काढला पोरीनं, म्हंजे किती तयारी पाय."

"आन् सोय पाय टेकचंदभाऊची," माय फोटो पुढे करून म्हणाली. "बुटक्या पोरीले लहान स्टँड, उंच पोरीले मोठं. उंची दिसतच नाही."

तेव्हा मला कळलं. गुडघे ढिले, स्टँड छातीपर्यंत. त्या भल्या माणसाने माझ्यावर उपकार केला होता आणि त्या उपकारानेच चष्मेवाल्या बाईंनी मला ओळखलं नव्हतं. आमच्याकडे मुलीचा उभा फोटो एकाच कामासाठी काढतात हे मला कसं आठवलं नाही? रुखमाला कसं नाही आठवलं?

खरं सांगायला मी तोंड उघडलं. पण माय रडता रडता हसत होती. तसं हसताना मी तिला फारदा पाहिलेलं नाही. तोंड मिटलं.

रंभाबाईने स्थळही आणलं होतं. आसगावचे यादोराव, आपल्याच समाजाचे, थोडी धानाची शेती, पोरगा पवनीच्या सोसायटीत लागलेला. फोटो पसंत. येत्या रविवारी पाहायला येणार. म्हणजे निवडीच्या रविवारच्या आधीचा रविवार. लग्न उन्हाळ्यात झालं तर बारावीचं काय, हे कोणी बोललं नाही. मीही विचारलं नाही. रात्री जेवण गेलं नाही तर माय म्हणाली, "होते असं. मले बी झालं होतं."

त्या आठवड्यात मी पुन्हा वाकायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं. आपोआप.

रविवारी सकाळपासून माय मला शिकवत होती. "तू पाटावरच बसजो. चहा देताना कंबरेतून वाक, म्हंजे अदब बी दिसते. उभं राहावंच लागलं तर दाराले टेक, गुडघे ढिले सोड."

"टेकचंदभाऊनं सांगितलं तसं?"

"कोनंबी सांगो. दोन घंट्याचा तर सवाल हाय."

पाहुणे आले. यादोराव, त्यांची बायको निर्मलाबाई आणि मुलगा तुलाराम. तुलाराम पांढऱ्या शर्टात, घाम पुसत. तोही घाबरला होता हे पाहून मला जरा बरं वाटलं. मी वाकून चहा दिला, वाकून पोहे दिले आणि पाटावर बसले. यादोरावांनी खिशातून फोटो काढला, माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. "फोटोसारखीच हाय," म्हणाले.

माझ्या पोटातला धोटा थांबला. ते मला निवडत होते. पण कोणाला? अकादमीने रुखमाच्या गळ्यापर्यंतच्या फोटोतली उंची निवडली, तसंच हे. ह्यांनी निवडलेली मुलगी टेकचंदभाऊंच्या स्टुडिओत उभी आहे, आणि उन्हाळ्यात तिच्या जागी मला पाठवणार. मग मी जन्मभर गुडघे ढिले सोडून चालणार. आसगावात. पवनीत. सगळीकडे.

"पोरी, जराशी चालून दाखव," निर्मलाबाई म्हणाल्या. "पायाबियाचं काही नाही, आपली रीत हाय."

माय चटकन म्हणाली, "लाजते जी ते."

"मागापर्यंत जा आन् ये. दूर थोडंच जायचं हाय."

मी बाबांकडे पाहिलं. ते मागाजवळ बसले होते, खाली बघत. साडी मागावरून उतरली की बाबा ती माझ्या खांद्यावर टाकून दूर जाऊन बघतात, लहानपणापासून. म्हणतात, "सुलोवर साडी पुरी दिसते." तेव्हा ते मला कधी वाक म्हणाले नाहीत.

मी उठले. आधी अर्धी. हात दाराकडे गेलाच होता. मग पाठीवर त्या चष्मेवाल्या बाईंचा हात आहे असं मनात आणलं आणि पूर्ण उभी राहिले. पाठ सरळ होती. मागापर्यंत गेले. वळले. परत आले आणि तुलारामसमोर थांबले. तो खुर्चीतून उठला, कशाला कोण जाणे, मान द्यायला असेल. त्याचं डोकं माझ्या हनुवटीशी आलं.

यादोरावांनी फोटो उलटा करून मागची बाजूसुद्धा पाहिली.

तुलाराम हळूच म्हणाला, "बाबा, मले बी एक स्टँड लागन."

मला हसू आलं. त्यालाही. निर्मलाबाई मात्र पदर सावरून उठल्या. "कळवतो," म्हणाल्या. रंभाबाई त्यांच्यामागे धावली आणि दारातून माझ्याकडे अशी बघून गेली की आता माझ्या हातात बांगड्या भरायला ती येणार नाही.

मग माय बोलायला लागली. "मुद्दाम केलं तू. मले सारं समजते. एवढं बसून राहाले काय झालं होतं? गावात तोंड कसं दाखवू मी? फोटो तूच काढला, तमाशा बी तूच केला." ती रागाने माझ्यासमोर उभी होती. आणि मला एकदम दिसलं की तिचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर आहेत. वर नाही, खाली नाही. माय माझ्याएवढीच उंच होती. रागात ती वाकायचं विसरली होती.

"माय," मी म्हटलं, "तो फोटो लग्नाचा नव्हता."

आणि सगळं सांगितलं. रुखमाचा प्रश्न, चष्मेवाल्या बाई, तुमसर, खोटं, अकादमी, कार्ड. माय पाटावर बसली. बाबांनी कार्ड दोनदा वाचलं.

"हे तं नाही म्हंते," बाबा म्हणाले.

"हो. आन् ज्याहीनं हो म्हटलं त्याहीनं मले पाह्यलंच नाही. हे बाई पाहून बोलते." मी एक दम घेतला. "म्हनून मी पुढच्या रविवारी नागपूरले जाऊन राहिली, निवडीले. बोलावलं नाही तरी. त्याहीच्या समोर उभी राहतो, मग नाही म्हनू दे. नाही म्हटलं तर परत येतो आन् अभ्यास करतो. हो म्हटलं तरी बारावी सोडत नाही. आन् अठरा पुरे झाल्याबिगर रंभाबाईले माहा फोटो द्यायचा नाही, तो तर टेकचंदभाऊपाशून मीच परत आनतो." बाबा काही बोलणार होते, पण मला अजून सांगायचं होतं. "एकटीले आत घेत नाहीत तिथं. माय, तू माह्यासंग चाल. सही तुही लागन. आन् बसस्टँडपर्यंत कोनी वाकून चालायचं नाही, तू बी नाही."